हात लावायची भीती वाटते तो रोबो चांगला कसा म्हणायचा?

वाल्किरीवेडा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो, लांबण लागली तर समजून घ्या. परवा कपाटातलं एक रोबो होणारं खेळण्यातलं जेट खाली काढलं, एकास साठ स्केलचं, घेऊन तीन वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी ते रोबो मोडमध्ये नेलंय फक्त दोनदा. तिसऱ्यांदा नेताना डावा खांदा बाहेर ओढला, बिजागरी वळवली आणि 'कट्' असा अगदी बारीक आवाज आला. आधी काही दिसेना. मोबाईलचा टॉर्च मारला तेव्हा पिनेभोवती राखाडी प्लास्टिकवर केसासारखी पांढरी रेघ दिसली आणि रेघेच्या टोकाला उघडा तडा. जोर लावला नव्हता, मॅन्युअल समोर उघडं होतं, पायरी बरोबर होती. कंपनीचं नाव घेत नाही कारण माझा मुद्दा एका कंपनीपुरता नाहीच.

मुद्दा असा की आपण 'क्वालिटी' म्हणतो तेव्हा मोजतो काय? बॉक्स उघडल्यावर हाताला लागणारं वजन, रंगकाम, पॅनल लाइन किती बारीक आहेत, कॉकपिटमधला पायलट किती सुबक आहे. हे सगळं मलाही आवडतं. पण ज्या खेळण्याचा सगळा जीव आकार बदलण्यात आहे त्याची परीक्षा आकार बदलतानाच व्हायला हवी ना, आणि तीही पहिल्यांदा नाही, पन्नासाव्यांदा.

१९८२ मध्ये मॅक्रॉस ही जपानी आनिमे, म्हणजे कार्टून मालिका टीव्हीवर आली तेव्हाच ताकातोकू या जपानी खेळणी कंपनीने तिच्यातल्या व्हीएफ-१ या रोबो होणाऱ्या विमानाचं एकास पंचावन्नचं खेळणं काढलं. लढाऊ विमान, विमानाला हातपाय फुटल्यासारखा गरवॉक आणि पूर्ण रोबो म्हणजे बॅट्रॉइड, अशी तिन्ही रूपं एकाच खेळण्यात, आणि पाय उपटून परत खोचायची भानगड नाही. ते बनवलं होतं पोरांसाठी, काचेच्या कपाटासाठी नाही. आज बघितलं तर ठोकळेबाज वाटतं हे मान्य, पण सगळं जाडजूड आहे आणि चाळीस वर्षं उलटून गेल्यावरही त्यातली कितीतरी अजून खटाखट बदलतात. १९८४ मध्ये कंपनी बुडाली तरी साचा मेला नाही, पुढे बांडाई या दुसऱ्या जपानी कंपनीने त्यातून माल काढला, आणि अमेरिकेच्या हास्ब्रोने १९८५ मध्ये तेच विमान ट्रान्सफॉर्मर्समधला जेटफायर म्हणून विकलं. मी हेच चांगलं खेळणं मानतो. तुम्ही काय म्हणता?

जस्तवजन

खांद्याचं वाचून खरंच वाईट वाटलं रे. पण निष्कर्ष पटला नाही.

तू जुन्याचं जे कौतुक करतोयस त्यातलं अर्धं मजबुतीचं आहे आणि अर्धं आठवणींचं. त्या एकास पंचावन्नच्या बॅट्रॉइडला गुडघ्यावर बसवून दाखव, गनपॉड, म्हणजे त्याची बंदूक, दोन्ही हातांत धरून नेम धरायला लाव. नाही जमत. नुसतं उभं राहतं. मला आनिमेत जे दिसलं ते कपाटात हवंय, आणि आनिमेतली व्हीएफ-१ उडी मारते, वाकते, पळते.

आणि वजनाला तू असा बाजूला सारू नकोस. हा छंद मुळात धातूवर उभा आहे. पॉपी या खेळणी कंपनीने १९७४ मध्ये मॅझिंगर झेड या कार्टूनमधल्या रोबोचं चोगोकिन काढलं, जस्ताच्या मिश्रधातूचं, मुठीत मावणारं. चोगोकिन हा शब्दच मालिकेतून आलाय, मॅझिंगर ज्या काल्पनिक धातूचा बनलेला असतो त्याचं नाव. म्हणजे पोराच्या हातात ती थंड, जड वस्तू आली की त्याला वाटायचं की हा त्याच धातूचा तुकडा आहे. ही नुसती सजावट नाही, खेळण्याने दिलेलं वचन आहे ते. १९९७ मध्ये सोल ऑफ चोगोकिन ही खेळण्यांची नवी मालिका सुरू झाली तेव्हा पहिला नंबर, जीएक्स-०१, परत मॅझिंगर झेडलाच दिला, ते उगाच नाही. मी रोज रात्री झोपायच्या आधी एक तरी रोबो हातात घेतो, बदलतो असं नाही, नुसता धरतो, दंडाचा रॅचेट, म्हणजे दात्यांचा सांधा, एक एक खटका फिरवतो. तो खटका पोकळ प्लास्टिकमध्ये नाही येत.

साचा_आणि_खाचा

मी इंजेक्शन मोल्डिंगच्या कामात आहे, खेळणी नाही बनवत पण साचे आणि प्लास्टिक रोज हाताळतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितोय.

जस्तवजन, वजन वाईट नाही, वजन कुठे टाकलंय ते महत्त्वाचं. खेळण्यांत वापरतात त्या जस्ताच्या मिश्रधातूची घनता साधारण ६.६ ते ६.७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. एबीएस प्लास्टिकची १.०५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच आकाराचा भाग धातूत केला तर सहापट जड. हा भाग तळपायात असेल तर सोनं, गुरुत्वमध्य खाली येतो आणि रोबो वाऱ्याने पडत नाही. पण तोच धातू पुढच्या हातात टाकला आणि तो हात खांद्यापाशी प्लास्टिकच्या कानात अडकवला, तर आडवा हात म्हणजे तरफ झाली की. अंतर जेवढं जास्त तेवढा खांद्यावर पिळा जास्त. पहिले सहा महिने छान वाटतं, मग हात हळूहळू खाली यायला लागतो.

आता वेड्याचा तडा. तू लिहिलंय की जोर लावला नव्हता, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, कारण असा तडा बहुतेक वेळा तुझ्या हातून पडतच नाही, तो कारखान्यातच सुरू झालेला असतो. स्टीलची पिन जरा लहान भोकात दाबून बसवतात, म्हणजे ती आपोआप घट्ट राहते. पण त्यामुळे भोकाभोवतालचं प्लास्टिक कायम ताणलेलं राहतं, दिवसरात्र, तू कपाटात ठेवलंस तरी. त्यात पिनेला एका टोकाला दाते पाडलेले असतात, ते प्लास्टिकमध्ये रुततात आणि तिथूनच चीर सुटते. वरून भिंत जर एक मिलिमीटरची असेल, कारण विमान सडपातळ दिसलं पाहिजे ना, तर मग तीन वर्षं काढली हेच नशीब. तू फक्त शेवटचा धक्का दिलास.

जिथे सतत घासाघीस आहे तिथे पॉलीअसिटल म्हणजे पीओएम वापरायला हवं. ते जात्याच गुळगुळीत असतं, चिवट असतं, पटकन झिजत नाही. मग सगळीकडे का नाही वापरत? कारण त्यावर रंग धरत नाही, गोंद धरत नाही. दिसणाऱ्या भागात वापरलं तर रंग सोलून निघतो. म्हणून दिसणारं कवच एबीएसचं आणि आतला सांधा पीओएमचा, हे चांगलं डिझाइन. जिथे एबीएस एबीएसवरच घासतं तिथे काही दिवसांत पांढरी भुकटी दिसायला लागते आणि जॉइंट सैल होतो.

मी नवीन काही घेताना आधी उघडलेल्या तुकड्याचे फोटो शोधतो आणि सांध्याच्या आतल्या भागाचा पोत बघतो. जरा मेणचट, दुधी झाक दिसली की बरं वाटतं.

वाल्किरीवेडा

साचा, भोकाभोवतालचं प्लास्टिक कपाटात ठेवलं तरी ताणलेलं राहतं, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे मी जपून ठेवतोय असं मला वाटत होतं आणि ते आपलं आतून चिरत होतं.

गनप्लावाली

मी मॉडेल किटवाली, तुमच्या डायकास्टच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या गप्पांत जरा परकी, पण एक बाजू कुणी मांडतच नाहीये म्हणून येते.

'एकही पार्ट न काढता बदललं पाहिजे' हा हट्ट कितपत बरोबर आहे? १९८५ च्या कार्टून मालिकेतली झेटा गंडाम घ्या. रोबोचं वेव्हरायडर नावाचं यान होतं, छातीच्या आत सगळं दुमडून सरकून. पडद्यावर दोन सेकंदांत होतं आणि सुंदर दिसतं. किटमध्ये ते जसंच्या तसं करायचं तर छाती म्हणजे पातळ दांड्यांचा पिंजरा होतो, मग रोबो उभा राहिला की कंबर लचकते, छाती खाली सरकते, खांदे आत येतात. मास्टर ग्रेड या वरच्या दर्जाच्या किटमालिकेत झेटा पहिल्यांदा १९९६ मध्ये आली आणि २००५ मध्ये २.० म्हणून पुन्हा नव्याने आली, कारण हे कोडं एका फटक्यात सुटणारं नव्हतंच. आणि २००३ च्या हाय ग्रेड या साध्या किटमध्ये त्यांनी सरळ सांगितलं की वेव्हरायडर करायचा असेल तर धडाचे भाग बदला, वेगळे देतोय. लोकांनी नाकं मुरडली. पण माझ्या टेबलावर तीच झेटा सगळ्यात ताठ उभी आहे, कारण तिच्या छातीत पोकळी नाही.

मला तो प्रामाणिकपणा वाटतो. जे जमत नाही ते जमल्याचं दाखवून मोडण्यापेक्षा दोन पार्ट बदललेले बरे.

कॉन्व्हॉय८४

गनप्लावाली, तुमचा मुद्दा किटला लागू आहे, तिथे बांधणं हाच अर्धा आनंद असतो. पण ट्रान्सफॉर्म होणाऱ्या खेळण्यात पार्ट काढला की माझ्यासाठी जादू संपली. ट्रकमध्ये जे आहे तेच रोबोत असलं पाहिजे, एक खिळासुद्धा बाहेर राहता कामा नये. कॉन्व्हॉय, म्हणजे ऑप्टिमस प्राइम, १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स व्हायच्या आधी ताकारा या जपानी कंपनीच्या डायाक्लोन या खेळण्यांच्या मालिकेत होता, आणि त्या पहिल्या खेळण्यात मुठी वेगळ्या होत्या, ट्रक करताना काढून ठेवायच्या. लहानपणी माझी एक मूठ हरवली. आजही तो एका हाताचा आहे. तेव्हापासून सुटा पार्ट दिसला की मला नको वाटतं.

पण वेड्याशी मी जास्त सहमत आहे. ट्रान्सफॉर्मर्सच्या मास्टरपीस या मालिकेतले ऑप्टिमसच बघा. २००३ चा एमपी-०१ प्रचंड मोठा, भरपूर धातू, उचलला की हात भरतो, जस्तवजनला नक्की आवडत असणार. २०११ चा एमपी-१० त्यापेक्षा लहान, धातू खूप कमी, आणि आकार असा ठरवला की पुढे येणाऱ्या गाड्या शेजारी उभ्या केल्या की मेळ बसावा. मग २०१९ चा एमपी-४४, थेट कार्टूनमधून उचलून आणल्यासारखा दिसणारा, पण त्यासाठी आत इतकी पॅनलं दुमडतात की मला अजून मॅन्युअल लागतं. तिन्ही माझ्याकडे आहेत. पाहुणे आले की बोट ४४ कडे जातं. मी एकटा असलो की हात १० कडे जातो. डोळे मिटून बदलतो मी त्याला, पाय, कंबर, छाती, हात, डोकं, सगळा क्रम बोटांना पाठ आहे, आणि प्रत्येक खुंटी आपल्या खाचेत जाताना ती बसली हे बोटाला कळतं. माझ्या मते क्वालिटी ती.

जस्तवजन

एमपी-०१ आवडतोच! आणि एमपी-१० सुद्धा आवडतो, ते वेगळं.

साचाचा खांद्याचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागेल. माझ्याकडच्या एका जड रोबोचा उजवा हात दोन वर्षांत लोंबायला लागलाय, मी त्याला हात खाली असलेल्या पोझमध्येच ठेवतो. एवढे दिवस कळलंच नव्हतं की कारण तेच वजन आहे ज्याच्यासाठी मी तो घेतला.

तरी एक सांगतो. धातू टिकतो. पिवळा पडत नाही, उन्हाने ठिसूळ होत नाही.

साचा_आणि_खाचा

तेही पूर्ण खरं नाही रे. जस्ताच्या मिश्रणात शिसं थोडं जरी जास्त राहिलं तर आतून गंज सुरू होतो, कणाकणाच्या सीमेवरून. भाग फुगतो, वेडावाकडा होतो, मग भुगा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या खेळण्यांच्या कितीतरी गाड्या अशाच गेल्यात आणि त्यावर उपाय नाही. म्हणून शुद्ध जस्त वापरून झामाक नावाचा मिश्रधातू १९२९ च्या सुमारास आणला गेला, नावातच जस्त, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरं आहेत. नीट मिश्रण असेल तर धातू आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जगेल, पण डब्यावर डायकास्ट लिहिलंय म्हणून अमर झालं असं नाही.

प्लास्टिकमध्येही प्रकार आहेत. सगळ्यात घातक म्हणजे ते जुनं सोनेरी, चमचम कण मिसळलेलं प्लास्टिक, ऐंशी-नव्वदच्या दशकातलं. धातूचे कण मिसळताना प्लास्टिक नीट एकजीव होत नाही आणि काही वर्षांनी बिस्किटासारखं तुटतं, न वापरलेलं, डब्यातलंसुद्धा. तशा रंगाचं जुनं काही हाताशी असेल तर ज्या रूपात आहे त्याच रूपात राहू दे.

स्क्रूफिरव्या

आणि पारदर्शक प्लास्टिकच्या बिजागऱ्या! गाडीच्या काचा आणि दाराची चौकट एकाच पारदर्शक तुकड्यात ओततात आणि वरून चौकटीला रंग मारतात. दिसायला एकदम झकास. पण पारदर्शक प्लास्टिक एबीएससारखं वाकून घेत नाही, ते सहन करतं करतं आणि एकदम जातं. माझ्याकडे दुरुस्तीला मित्रांचे जे रोबो येतात त्यात तुटलेली खिडकीची कडी सगळ्यात जास्त. रंगाखाली पारदर्शक असल्यामुळे माणसाला कळतही नाही की आपण काच वाकवतोय. कडेला नखाने बघा, रंग नसलेली आतली बाजू आरपार दिसली तर तिथे सावकाश.

वेड्या, तुझा खांदा मोडला नाहीये, चिरलाय. हे दुरुस्त होतं. फोटो टाक.

पहिलाच_रोबो

नमस्कार सगळ्यांना. मी इथे नवीन आहे, मॅक्रॉस फ्रंटियर बघून वेडी झाले आणि आता मला पहिलं खेळणं घ्यायचंय, पण हे सगळं वाचून भीती वाटायला लागलीये. मला कपाटात ठेवायचं नाहीये, मला ते बदलायचं आहे, रोज. माझ्यासारखीने काय बघून घ्यावं? आणि लोक म्हणतात की व्हीएफ-१ चं बदलणं म्हणजे इंजिनियरिंगचा चमत्कार, तर त्यात नक्की काय आहे?

वाल्किरीवेडा

ताई, भीती वाटावी म्हणून नव्हतं लिहिलं हो! उलट तुमच्यासारख्यांसाठीच तर मी भांडतोय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, माझा जीव आहे त्यात. शोजी कावामोरींनी व्हीएफ-१ काढली तेव्हा आधार होता एफ-१४ टॉमकॅट, खरंखुरं विमान. बाकीच्या बहुतेक बदलणाऱ्या रोबोंत काय व्हायचं, की रोबो आधी ठरायचा आणि मग त्याला कसंबसं काहीतरी वाहन बनवायचे. म्हणजे झोपलेला माणूस आणि त्याला चाकं. व्हीएफ-१ मध्ये विमानाचा प्रत्येक भाग रोबोत कामाला येतो. दोन इंजिनं म्हणजे दोन पाय, आणि मागचे नळकांडे म्हणजे पावलं. इंजिनांच्या मध्ये पोटाखाली दोन हात घडी घालून ठेवलेत. पोटाखालची लेझर म्हणजे डोकं. मग विमानाचं नाक खाली वळतं, पाय मागून पुढे येऊन नाकाच्या दोन्ही बाजूंना लागतात, पाठ वर दुमडते, आणि विमानातून माणूस उभा राहतो. आणि मध्येच थांबलं तर गरवॉक, तोही वापरण्याजोगा. पहिल्यांदा हातात करून बघितलं तेव्हा पाय पुढे सरकून नाकाच्या बाजूला टेकले तो क्षण मला अजून आठवतो, मी तेच एक पाऊल सात-आठ वेळा मागेपुढे केलं.

कावामोरी आधी लेगोच्या विटांनी बदल जुळवून बघतात म्हणे, आणि ते रोबो हातात घेतल्यावर जाणवतं. ते कागदावर नाही सुचलेलं, बोटांना सुचलेलं आहे.

पण तेच पाय पुढे आणायचं काम खेळण्यात किती अवघड होतं बघा, यामातोने २००१ च्या सुमारास काढलेल्या पहिल्या एकास साठमध्ये पाय काढूनच परत लावावे लागायचे. पुढे एकास अठ्ठेचाळीसमध्ये त्यांनी ते न काढता जमवलं. एकाच विमानावर इतकी वर्षं इतक्या कंपन्या झटतायत, याचं कारण डिझाइन तेवढं खरं आहे.

कॉन्व्हॉय८४

ताई, पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर. मोठं घेऊ नका, मध्यम घ्या. मोठ्या आकारात प्रत्येक भागाचं वजन वाढतं आणि हाताला आवरत नाही, फार लहान घेतलं तर खुंट्या काडीसारख्या असतात. दुसरं, पहिल्याच आठवड्यात आलेलं घेऊ नका, लोक दहा-वीसदा बदलून बघू देत, कुठे तडे जातात ते कळू दे. बऱ्याचदा कंपनी नंतरच्या खेपेत तो भाग जाड करून देते. फ्रंटियरमधलं व्हीएफ-२५ हे विमान बांडाईच्या डीएक्स चोगोकिन या मालिकेत आधी आलं आणि मग काही वर्षांनी रिन्यूअल म्हणून पूर्ण नवं डिझाइन आलं, तुम्ही फ्रंटियरवाल्या म्हणून सांगतो, घेताना कुठलं आहे ते नीट बघा, रिन्यूअलचं शरीर फार सुडौल आहे.

गनप्लावाली

आणि पहिल्यांदा बदलताना रात्री उशिरा, दमलेलं असताना करू नका. खरंच सांगते. माझे दोन पार्ट मोडले ते दोन्ही रात्री बारानंतर.

स्क्रूफिरव्या

अजून दोन गोष्टी ताईंसाठी. जॉइंट घट्ट वाटला तर मशिनचं तेल, शिलाई मशिनचं तेल, काही घालू नका. ताणलेल्या एबीएसला पेट्रोलियमचं तेल लागलं की ते चिरतं, विशेषतः पिनेपाशी. प्लास्टिकला चालणारं शुद्ध सिलिकॉन तेल घ्या, तेही टाचणीच्या टोकाएवढं. त्याआधी हेअर ड्रायरने थोडं कोमट करून बघा, निम्मे जॉइंट तेवढ्यानेच सुटतात.

आणि जपानी खेळण्यांचे स्क्रू. दिसायला साधे अधिक चिन्हाचे, पण कित्येकदा ते जपानी जेआयएस मापाचे असतात, खाच थोडी वेगळी असते. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण तळाला टेकत नाही, वर तरंगतो, आणि फिरवलं की घसरून कडा खातो. लोक म्हणतात स्क्रू मऊ आहेत. स्क्रू ठीक असतात, ड्रायव्हर चुकीचा असतो. जेआयएसचा एक लहान ड्रायव्हर घेऊन ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडेल.

सैल जॉइंटला मी खुंटीवर इन्स्टंट ग्लूचा पातळ थर देतो, पण भाग पूर्ण सुटा करून, आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडत नाही. त्याची वाफ जवळच्या पारदर्शक भागावर पांढरा धुरकट थर सोडते, तेव्हा कॉकपिटची काच आधी काढून बाजूला ठेवायची.

जस्तवजन

इतकं सगळं वाचल्यावर माझं म्हणणं थोडं बदलून मांडतो. माघार म्हणून नाही, हे मला आता कळलंय म्हणून. वजन हवंच, पण जिथे त्याने काम केलं पाहिजे तिथे. पाऊल, मांडीतली दांडी, कंबरेचा कणा, रॅचेटचं चाक. सोल ऑफ चोगोकिनमधला गोलायन घ्या, पाच सिंह जोडून होणारा. पाय होणारे सिंह जड आहेत आणि ते सगळा डोलारा तोलून धरतात, म्हणून तो उभा केला की हलत नाही. तिथे धातूने स्वतःचं मोल वसूल केलंय.

पण वेड्या, तुझ्या पन्नासाव्या वेळच्या परीक्षेला माझा अजूनही विरोध आहे. मी माझा मॅझिंगर आयुष्यात एकदाही बदलणार नाही कारण तो बदलतच नाही, तरी तो माझ्याकडची सगळ्यात चांगली वस्तू आहे.

वाल्किरीवेडा

त्याला माझी परीक्षा लागूच नाही रे, तो रोबो म्हणून जन्मला आणि रोबो म्हणूनच उभा आहे. पण ज्याच्या डब्यावर तीन रूपांचे फोटो छापलेत त्याने ती तीन रूपं मला न घाबरता करू द्यायला हवीत. पॉपीने १९७६ मध्ये कॉम्बॅटलर व्ही काढला, पाच वाहनं जोडून एक रोबो, आणि पडद्यावरची जोडणी खेळण्यात खरोखर होत होती. त्याआधी १९७४ च्या गेटर रोबोत विमानं जुळायची ती चित्रातच शक्य होतं, धातू असा वितळून आकार बदलत नाही. दोन वर्षांत त्या लोकांनी चित्राला खेळण्यासमोर उत्तरदायी केलं. मी तेवढंच मागतोय, की खेळण्याने चित्राला उत्तर द्यावं आणि माझ्या हातांनाही द्यावं.

साचा_आणि_खाचा

हे पटलं. आणि कंपन्यांच्या बाजूनेही एक वाक्य. पातळ भिंत, लपलेला सांधा, मालिकेतल्यासारखी बारीक कंबर, हे सगळं आपणच मागतो. पहिला फोटो आला की आपण कंबर जाड आहे म्हणून ओरडतो, बिजागरी जाड आहे म्हणून कुणी शाबासकी देत नाही. साचा बनवणारा माणूस ते ऐकतो.

वाल्किरीवेडा

दहा दिवसांनी परत आलो, खबर चांगली आहे.

फोटो पाठवल्यावर स्क्रूफिरव्याने सांगितलं तसं केलं. आधी पिनेचं गुळगुळीत टोक कुठलं ते भिंगाखाली बघितलं आणि त्या बाजूने दाबून दात्यांचं टोक दुसरीकडून बाहेर काढलं. पिन निघाली तेव्हा चीर स्वतःहून मिटली, अगदी डोळ्यांदेखत, आणि मला साचाचं बोलणं आठवलं, किती ताणलेलं होतं ते. मग चिरेत बारीक ब्रशने पातळ प्लास्टिक सिमेंट सोडलं, ते आपोआप आत ओढलं गेलं, चिमट्याने दाबून पूर्ण एक दिवस हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी भोक हातानेच, ड्रिल बिट बोटांत धरून, अगदी किंचित मोठं केलं. पिन आता सुरुवातीला सहज सरकते आणि शेवटच्या मिलिमीटरला धरते.

काल संध्याकाळी विमान, गरवॉक, रोबो, परत विमान, असं अकरा वेळा केलं. खांदा बाहेर येतो, वळतो, बसतो. आवाज नाही. बाराव्यांदा माझ्या पुतणीच्या हातात दिलं आणि शेजारी बसून फक्त बघितलं.

पहिलाच_रोबो

वाचून किती बरं वाटलं! माझं व्हीएफ-२५ परवा येतंय, रिन्यूअलच आहे, डबल तपासून घेतलं. दादा, उजवा खांदा पण करून घेतला का?

वाल्किरीवेडा

अजून नाही. तडा नाहीये, पण टॉर्चच्या उजेडात पिनेजवळ एक फिकट पांढरा ठिपका दिसतोय. रविवारी सकाळी काढतो पिन.